सोसाटा कधी बोलणार?

मी त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी कपाटाला लोंबकळत होते.

हे वाक्य कुठल्याही बाजूने फिरवून लिहिलं तरी त्यात शोभा येत नाही. इतर मुलींच्या आठवणी कशा असतात... पुस्तकाच्या दुकानात हाताला हात लागतो, वाऱ्याने छत्री उलटी होते, जिन्यात धक्का लागतो. माझी आठवण ही अशी. एक उंच लोखंडी कपाट, त्याच्या कडेला घट्ट धरलेले माझे दोन्ही हात, पायाखालून सरकलेलं स्टूल, खांद्याला टपालाची म्हणून अडकवलेली रिकामी पिशवी, आणि समोर खुर्चीत बसून आनंदाने टाळ्या वाजवणारे आमचे काका.

"अजून थोडं! चेहऱ्यावर भीती आण, ठिणगी! खाली दरी आहे!"

"खाली फरशी आहे, काका! स्टूल द्या!"

तेवढ्यात दार उघडलं आणि तो आत आला. काखेत मोठी फाइल, केसांतून पाणी निथळतंय, चष्म्यावर पावसाचे थेंब. त्याने चष्मा सावकाश पुसला, डोळ्यांवर चढवला आणि मग मला पाहिलं.

"इथे... चित्रकार हवाय असं कळलं."

"आधी मला उतरवा!" मी ओरडले.

तो लगबगीने पुढे आला. म्हणजे मला तसं वाटलं. प्रत्यक्षात तो टेबलापाशी थांबला, फाइल उघडली, पेन्सिल काढली आणि अगदी मऊ आवाजात म्हणाला, "एकच मिनिट हं... हलू नका. बोटांची पकड फार सुंदर आलीय."

काकांनी त्याला तिथल्या तिथे नोकरी दिली. मला उतरवलं ते नंतर.

आता आमच्या काकांबद्दल सांगायलाच हवं, नाहीतर तुम्हाला वाटेल की मी वेड्यांच्या इस्पितळात कामाला होते. (नव्हते. पण फार फरकही नव्हता.) काका म्हणजे 'सोसाटा' या चित्रकथांच्या मासिकाचे लेखक आणि संपादक. तरुणपणी ते शाळेच्या वह्या छापणाऱ्या छापखान्यात मुद्रितं तपासायचे. वह्या कापल्या की कागदाच्या लांबट पट्ट्या उरायच्या आणि रद्दीत जायच्या. काका मालकांना म्हणाले, या पट्ट्या शिवून मला द्या, मी त्यात एक माणूस उडवून दाखवतो. म्हणून आमचं मासिक आजही फूटपट्टीसारखं उभट आणि अरुंद. आणि त्यात उडणारा माणूस म्हणजे सोसाटा. एरवी वेधशाळेतला लाजाळू कारकून, पण वारा सुटला की अंगात असं बळ येतं की पूल उचलून धरील. खिडक्या बंद केल्या की मात्र बिचाऱ्याचा पुन्हा कारकून होतो.

लोक हसतात, पण चाळीस वर्षं पोरं या सोसाट्यावर वाढली. काकांच्या डोळ्याचं ऑपरेशन करायला जे डॉक्टर आले त्यांनी हातमोजे चढवता चढवता विचारलं, "काका, तो तळघरातला खलनायक खरंच मेला का हो?" काका झोपल्या झोपल्या म्हणाले, "आधी डोळा नीट करा, मग सांगतो." डोळा फार छान झाला.

काकांची कामाची रीत जगावेगळी. कथा लिहून द्यायची नाही, करून दाखवायची! "जे अंगाने करता येत नाही ते कागदावर उतरत नाही," हे त्यांचं ब्रह्मवाक्य. प्रसंग करून दाखवायचा, चित्रकाराने तो रेखाटायचा, आणि सगळी पानं काढून झाल्यावर मग पात्रांच्या तोंडाशी सोडलेल्या फुग्यांत संवाद भरायचे. पूर्वी ते स्वतःच टेबलावरून टेबलावर उड्या मारत. गुडघे गेल्यावर त्यांनी शुद्धलेखन तपासायला म्हणून आणलेल्या सख्ख्या पुतणीला कपाटावर चढवलं, आणि फुग्यांत संवाद भरायचं कामही तिच्याच गळ्यात मारलं. पहिल्या पानावरच्या नामावळीत ते प्रत्येकाला टोपणनाव द्यायचे आणि बाहेरचं जगही मग त्याच नावाने हाक मारायचं. माझं ठिणगी. का, ते विचारू नका, मला राग येतो.

आणि त्याचं नाव ठेवलं कासव.

इतकं चपखल नाव काकांनी दुसऱ्या कुणाला दिलं नसेल. हा माणूस एका ढगाला अख्खी दुपार घ्यायचा. अंक छपाईला जायच्या दिवशी सगळ्यांच्या नाकी नऊ आलेले असायचे आणि हा खिडकीशी बसून पेन्सिलीला टोक करत असायचा.

"अहो, पान कुठेय?"

"होतंय."

"कधी?"

"तुम्ही रागावलात की भुवया कशा होतात माहितीय? डावी वर जाते. उजवी जात नाही."

"पान!"

"आता दोन्ही गेल्या."

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं तेही एका भांडणातच. जोरात भांडताना 'तुम्ही' म्हणायला वेळ फार लागतो.

प्रसंग करून दाखवायचा तर नायकही हवा. काकांनी त्यालाच उभा केला, आधी करायचं आणि मग आठवून काढायचं. टेबलफॅन वाऱ्याला, खिडकीचा जुना पडदा अंगरख्याला, आणि मी टपालवाली. ती सोसाट्याची लाडकी, अंकागणिक कड्यावरून, गच्चीवरून, पुलावरून पडणारी. महिन्यातून चार वेळा तरी हा मला झेलायचा. झेलल्यावर सोसाटा काहीतरी बोलतोय असं दिसायला हवं, आणि संवाद तर अजून लिहिलेले नसायचे. मग हा माझ्या डोळ्यांत खोल बघत, वीराच्या गंभीर चेहऱ्याने म्हणायचा, "साबण संपलाय. शर्टाला बटणं आणायचीत. दुधाची पिशवी फाटकी निघाली..."

"हसू नकोस, ठिणगी! तू दरीत पडता पडता वाचलीयस!" काका ओरडायचे.

मी काय करणार? त्याच्या बाहीला खोडरबराचा वास यायचा. पंख्याच्या वाऱ्याने तो पडदा आम्हा दोघांभोवती गुंडाळला जायचा आणि सोडवताना त्याची बोटं... असो. तेव्हा मला फक्त वैताग यायचा, असं मी स्वतःला बजावलं होतं.

मग नाकाची भानगड झाली.

वाचकांची पत्रं येऊ लागली. 'टपालवालीचं नाक बदललं आहे.' 'पूर्वी सरळ होतं, आता शेंड्याला वर उचललेलं आहे.' 'संपादककाका, ही कुणी तोतया तर नाही?' मी जुने अंक काढले, नवे काढले, शेजारी ठेवले आणि मग आरशात पाहिलं. नाक माझं होतं. डावी भुवईसुद्धा माझीच होती. ते पान हातात घेऊन मी तणतणत त्याच्यासमोर गेले.

"हे काय आहे?"

त्याने बराच वेळ पाहिलं. "टपालवाली."

"आणि हे नाक?"

"तुझं?" तो खरंच चकित झाला. कानापर्यंत लाल झाला. "मी... मला कळलंच नाही. हात जातो तसा जातो."

"हात जातो म्हणे! हाताला आवर घाल!"

"प्रयत्न करतो," तो म्हणाला. पुढच्या अंकात टपालवालीच्या हनुवटीवर माझा तीळ आला. काकांनी पत्रोत्तरांत ठोकून दिलं की टपालवालीला सर्दी झाली होती, नाक आता असंच राहील.

पत्रांमध्ये आणखी एक प्रश्न हटकून असायचा. सोसाटा कधी बोलणार? कारण काकांचा एक नियम होता. प्रत्येक अंकाच्या शेवटच्या पानावर सोसाटा टपालवालीला मनातलं सांगायला तोंड उघडतो... आणि तेवढ्यात काहीतरी होतं. जहाज बुडतं. सर्कशीतला हत्ती सुटतो. चाळीस वर्षं! वाचकांच्या पोरांना पोरं झाली, पण या गृहस्थांचं घोडं तिथेच अडलेलं. काका दर वेळी एकच उत्तर छापायचे, 'वारा पडला की.'

आणि एक दिवस मालक आले. जुने नव्हेत, त्यांचा मुलगा. भला माणूस, स्वतः सोसाटा वाचून मोठा झालेला. बिचाऱ्याच्या डोळ्यांत पाणी होतं. वह्याच कमी खपतात आता, तर पट्ट्या कुठून उरणार? मासिक बंद. एक शेवटचा अंक काढायचा, झोकात काढायचा. "फक्त एक करा काका," तो म्हणाला, "त्याला बोलू द्या. मी सातवीत असल्यापासून वाट बघतोय."

काकांनी चहाचा पेला बाजूला सारला. मग म्हणाले, "बरं."

त्याच संध्याकाळी कासव माझ्या टेबलाशी आला. हातात खोडरबर, ते या हातातून त्या हातात. "मला एका स्टुडिओत काम मिळालंय. हलत्या चित्रांचं. लांब आहे, गाडीने एक रात्र जाते. अंक झाला की जायचंय."

"छान," मी म्हटलं.

"छान?"

"मग काय म्हणू?"

"काही नाही." तो उभाच राहिला. मी मुद्रितावर मान घातली आणि बरोबर असलेल्या शब्दावर लाल खूण केली. अरे, बोल ना! एवढं एक वाक्य. ठिणगी, मला तुझी आठवण येईल. निदान तेवढं तरी! पण हा मूग गिळून उभा. शेवटी म्हणाला, "खोडरबर संपत आलंय," आणि गेला.

मी त्या दिवशी घरी जाऊन भांडी इतकी जोरात घासली की आईने विचारलं, पातेल्याने काय बिघडवलंय तुझं.

मग सुरू झाल्या शेवटच्या प्रसंगाच्या तालमी. प्रसंग साधा. वेधशाळेची गच्ची, टपालवाली उभी, सोसाटा येतो, तिचा हात धरतो, बोलतो. संपलं. लहान मुलाला जमेल. आम्ही उभे राहिलो. पंखा लावला. कासवाने पडदा सावरला, माझा हात हातात घेतला. त्याचा हात गार होता.

"मला..." तो म्हणाला, "मला एक सांगायचंय. खूप दिवसांपासून..."

"थांबा!" काका खुर्चीतून उठले. "इथे धरण फुटतं!"

मी कपाळावर हात मारून घेतला. "काका, शेवटचा अंक आहे. धरण फुटून चालणार नाही."

"हो, हो. चुकलंच. सवय गं. पुन्हा घ्या."

पुन्हा घेतलं. "मला एक सांगायचंय," कासव म्हणाला, "तू पहिल्यांदा दिसलीस ना, तेव्हाच..."

"वेधशाळेला आग!"

दुसऱ्या दिवशी तळघरातला खलनायक उठला, ज्याला आम्ही दोनदा पुरला होता. तिसऱ्या दिवशी कासवाने नुसता श्वास घेतला तर काकांनी धूमकेतू आणला. पालथ्या घड्यावर पाणी! छपाईची तारीख अंगावर आली, बाकीची पानं तयार, आणि शेवटचं पान कोरं. मालकांचा मुलगा फोनवर रडकुंडीला आला. कासवाची गाडी रविवारची. मी काकूकडे गाऱ्हाणं नेलं, तर ती म्हणाली, "बाई गं, मी त्या माणसाला भाजी आणायला पाठवते तरी तो वाटेत तीन संकटं उभी करून येतो. तुझं तू बघ."

शुक्रवारी दुपारी मी काकांना एकटं गाठलं.

"काका, तुम्ही हे मुद्दाम करताय."

मला वाटलं, झटकून टाकतील. पण त्यांनी चष्मा काढला. त्यांचे डोळे चष्म्याशिवाय लहान पोरासारखे दिसतात.

"तो एकदा बोलला ना, ठिणगी, की मग संपलं. मग मी उद्या सकाळी उठून काय करू? घरी बसून पेपर वाचू? मी त्याला कितीतरी वेळा मरणातून काढलंय. हे एक वाक्य त्याला मारणार, आणि ते मीच म्हणवून घ्यायचं..." त्यांनी चष्म्याची काडी दुमडली, पुन्हा उघडली.

मला भडभडून आलं. मी त्यांचा हात थोपटला, पाणी दिलं. पण खरं सांगू? त्या क्षणीही माझ्या मनात दुसरंच काहीतरी चाललं होतं. काकांचा सोसाटा जाणार, ते दुःख मोठंच. पण माझा कासव परवा जाणार होता, आणि तोही काही न बोलता.

शनिवारी आम्ही पुन्हा उभे राहिलो. खिडकीवर पाऊस बारीक वाजत होता. पंखा घरघरत होता. कासवाने माझा हात धरला. या वेळी दोन्ही हातांनी.

"हे बघ," तो म्हणाला. "मला... हे नीट सांगता येणार नाही, पण..."

"भूकंप!" काका म्हणाले. अगदी हळू, स्वतःशीच, पण म्हणाले.

आणि माझं डोकं फिरलं.

"पुरे!" मी पंखा बंद केला. "पुरे झालं! चाळीस वर्षं ही बाई गच्चीवर उभी आहे! पडते, झेलली जाते, पुन्हा उभी राहते, आणि वाट बघते की हा तोंड उघडेल! तिच्या तोंडाला काय कुलूप आहे? ती टपालवाली आहे, जगाचे निरोप दारोदार पोचवते, तिला स्वतःचा एक निरोप सांगता येत नाही?" मी कासवाकडे वळले. पडद्यात गुरफटलेला, चष्मा तिरपा, अगदी बावळट दिसत होता. "ऐक. मला तू आवडतोस. तुझ्यासारखा वैताग दुसरा नाही, आणि तरी आवडतोस. तू त्या खिडकीशी नसलास तर मी कुणावर ओरडू? तू जाऊ नयेस असं मला वाटतं. जायचंच असेल तर जा, पण हे न ऐकता जायचं नाही!"



"ठिणगी," काका चाचरत म्हणाले, "टपालवाली इतकं लांबलचक बोलणार नाही. फुग्यात मावायचं नाही ते."

"टपालवाली नाही बोलत, काका. मी बोलतेय."

कासवाने चष्मा काढला. पडद्याच्या टोकाने पुसला. मला वाटलं, आता हा साबण संपलाय म्हणणार, आणि म्हणाला तर मी तो पंखा याच्या डोक्यात घालणार.

"मी पाच वेळा प्रयत्न केला," तो म्हणाला. आणि चक्क चिडला होता! हा माणूस चिडतो हेच मला नवीन होतं. "धरण फुटलं. आग लागली. तो मेलेला उठला. धूमकेतू आला. आता भूकंप. एका साध्या माणसाने बोलायचं तरी कधी?"

"पण ते... ते तर सोसाट्याचे संवाद होते!"

"कुठले संवाद?" तो म्हणाला. "ठिणगी, आपण चित्रं आधी काढतो. संवाद तू नंतर लिहितेस. अजून लिहिलेच कुठेत?"

चार वर्षं या कचेरीत मी स्वतःच्या हाताने ते फुगे भरत होते, आणि मला कळलं नव्हतं की एक फुगा केव्हापासून भरलेला आहे. मला त्याचा राग आला, माझा आला, आणि रडूही आलं, सगळं एकदमच.

"मग स्टुडिओ?" मी विचारलं.

"जायचं तर आहेच. पण एकट्याने जायचंय असं कधी म्हटलं मी?"

"ही विचारायची पद्धत झाली?"

"मग शिकव," तो म्हणाला, आणि माझ्या डाव्या भुवईवरून त्याचा अंगठा फिरला. पेन्सिलीचा काळा डाग लागला असणार. लागू दे.

काका खुर्चीत बसले होते. आमच्याकडे बघत नव्हते, कुठेतरी खूप लांब बघत होते.

"तुझ्या काकूनेच विचारलं होतं मला," ते म्हणाले. "छापखान्याच्या जिन्यात. मी तिला रोज काहीतरी सांगायला जायचो आणि मुद्रितं तपासायचीत म्हणून परत यायचो. एक दिवस ती म्हणाली, तुम्ही काही बोलणार नाही असं दिसतंय, तेव्हा मीच बोलते." त्यांनी डोक्यावरून हात फिरवला. "मूर्ख मी! चाळीस वर्षं! बायको घरात, आणि मला हे सुचू नये?"

"आता सुचलं ना," मी डोळे पुसत म्हटलं. "द्या छापायला."

"हो... हो." त्यांनी कोरं पान पुढे ओढलं आणि पुन्हा मागे सारलं. आयुष्यभर ज्यांनी सगळ्यांना पुढच्या अंकासाठी ताटकळत ठेवलं, ते आमचे काका खुर्चीच्या टोकाशी सरकले. डोळे सातवीतल्या पोरासारखे चमकत होते.

"ती बोलली. त्याने ऐकलं. बरं. मग? पुढे काय झालं?"

कासव माझ्याकडे बघत होता. मी काकांकडे गेले, त्यांना दंडाला धरून उठवलं, चष्मा आणि पेन हातात दिलं, आणि दारापर्यंत नेलं.

"पुढचं छापायचं नाहीये, काका," मी म्हटलं. "तुम्ही बाहेर जा."